झोपलेल्याला हाक मारू नये

आमच्या घरात झोपलेल्या माणसाला उठवत नाहीत. लग्न होऊन मी पाथरीला आले त्या आठवड्यातच सासूबाईंनी घरचे नियम सांगून टाकले होते. आंघोळीशिवाय चुलीजवळ जायचं नाही. लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. आणि झोपलेल्याला हाक मारायची नाही. पहिले दोन नियम माझ्या माहेरीही होते, आम्हीही गळ्यात लिंग बांधणारेच. तिसरा मात्र मला नवीन होता. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "झोप पुरी झाली की उठतंय की मानूस. आपुन कोन मधी पडनारे?"

मी शाळेत मास्तरीण. बाकावर डुलक्या घेणाऱ्या पोरांना खडू फेकून जागं करणं हा माझा रोजचा धंदा. असला नियम मला हसण्यासारखा वाटला, पण नवी सून होते, पाळला. पुढे पुढे तर मला त्याचा अभिमानच वाटायला लागला. आमच्याकडे बाई कुणी कुणाची झोप मोडत नाही, असं मी चारचौघींत सांगायचे.

तो नियम खरं तर आप्पांमुळे होता. आप्पा म्हणजे माझे सासरे. बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. आप्पा पहाटे साडेचारला उठायचे, आंघोळ करायचे, कपाळाला विभूती लावून, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायचे. मग खडीसाखरेचा एक खडा प्रसाद म्हणून तोंडात, आणि त्यानंतर चहा. दुपारचं जेवण दुकानातच. जेवल्यावर गादीवर लोडाला टेकून तासभर झोप. खेड्यातून आलेली गिऱ्हाइकं तोवर पायरीवर बसून राहायची, माठातलं पाणी प्यायची, आपसात हळू बोलायची. "आप्पा उठू द्या," एवढंच म्हणायची. कुणी हाक मारल्याचं मी तरी पाहिलं नाही. तासाभराने आप्पा आपण होऊन डोळे उघडायचे आणि मधे काही झालंच नाही अशा थाटात समोरच्याला विचारायचे, "हं, किती वार म्हनलाव?"

आप्पांना आता सत्त्याऐंशी चालू आहे. गुडघे गेल्यापासून दुकान माझा नवरा बघतो. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली, मुलं नोकरीला बाहेर, मी शाळेतून निवृत्त. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघंच. आणि आप्पांची झोप. दुकानातली तासाची झोप घरी येऊन तीन तासांची झाली होती. एक वाजता आडवे झाले की चारशिवाय उठायचे नाहीत.

शाळेत होते तोवर माझं तिकडे फारसं लक्षच गेलं नव्हतं. निवृत्तीनंतरचा पहिला वैशाख आला आणि ते तीन तास माझ्या वाट्याला आले. बाहेर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही असं ऊन. कुलरची घरघर, आणि खाटेवर आप्पा उताणे, तोंड किंचित उघडं. मी दर पंधरा मिनिटांनी दारात जाऊन उभी राहायचे. छाती हलते का बघायचे. कुलरच्या वाऱ्याने सदरा हलायचा, त्यामुळे छाती हलते की सदरा तेच कळायचं नाही. मग मी कुलर बंद करायचे, बघायचे, पुन्हा लावायचे. दोन-चार दिवसांनी आप्पा डोळे मिटूनच म्हणाले, "काय मास्तरीणबाई, हजेरी घ्यायलाव का?"

मला लाज वाटली. पण दारात जाणं काही सुटलं नाही. पुढे आप्पांनी बोलणंही सोडलं. मी दारात आले की ते डोळे न उघडता पायाचा अंगठा हलवायचे. हजर, म्हणून सांगायचे. अंगठा हलला की मी परत जायचे, पंधरा मिनिटांपुरती.

हे वेड मला कुठून लागलं ते मला ठाऊक होतं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, पेडगावला असेच एका दुपारी गेले. त्याला वीस वर्षं होऊन गेली. उन्हाळ्याच्या सुटीत मी माहेरी होते. दादा जेवले, ओसरीवर सतरंजी टाकून आडवे झाले. अंगणात पोरं दंगा करत होती, त्यांना मी दटावून हाकललं. मग तोंडावर माश्या बसत होत्या म्हणून धोतराचा सोगा त्यांच्या तोंडावर ओढला. चार वाजता आईने चहा ठेवला आणि त्यांना उठवायला निघाली. मी तिला अडवलं. म्हणाले, "झोपू दे की. आमच्या सासरी न्हाई उठवत कुणी." मोठ्या तोऱ्यात म्हणाले. पाच वाजता आईने त्यांच्या पायाला हात लावला तेव्हा पाय गार होते.

मातीला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, भाग्यवान माणूस, झोपेत गेला. मला त्या शब्दाचा संताप यायचा, अजून येतो. दादा किती वाजता गेले हे आम्हाला कुणालाच माहीत नाही. मी तोंडावर सोगा ओढला तेव्हा ते होते का? मी पोरांना दटावत होते तेव्हा ते हाक मारायचा प्रयत्न करत होते का? आईला अडवलं नसतं तर काही झालं असतं का? आईने एका डॉक्टर नातेवाइकाला विचारलं, तो म्हणाला, काही झालं नसतं. त्याला काय जातंय म्हणायला.

तर अशी मी, आणि त्यात फोनवर तो मेसेज आला. आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या ग्रुपवर दिवसभर असलंच काहीतरी येत असतं, गरम पाणी प्या, डाव्या कुशीवर झोपा. त्यात हा एक, की म्हातारपणी जे दिवसा फार झोपतात त्यांचं आयुष्य कमी होतं. कुणी शोधलं, कुठे शोधलं, काही नाही. पोरांना मी आयुष्यभर शिकवलं की छापलेलं सगळं खरं नसतं. पण तो मेसेज मी तीनदा वाचला. तीन तास! म्हणजे रोज दुपारी आप्पांचं आयुष्य माझ्या डोळ्यांदेखत कमी होत होतं आणि मी दारात उभी राहून बघत होते.

हाक मारायची नाही हे खरं. पण मिक्सर लावायला कुठे बंदी होती? दुसऱ्या दिवसापासून मी बरोबर दोन वाजता आप्पांच्या खोलीला लागून असलेल्या ओट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटायला घेतली. आप्पा कूस बदलायचे. मी आणखी एक भांडं भरायचे. चटणी वाटून झाली की पातेली घासायचे, तीही आपटून. श्रावणापर्यंत घरात चटणीचे चार डबे भरले. नवरा म्हणाला, "दुकानात ठेवू का इकायला?"

शेवटी एक दिवस आप्पा काठी टेकत ओट्यापाशी आले. "चटणी बास झाली माय. मला सांग, काय पायजे तुला?"

मी फोन काढून मेसेज वाचून दाखवला. आप्पांनी नीट ऐकला. मग विचारलं, "तुला भ्या वाटायलंय का?"

"वाटायलंय."

"बरं. न्हाई झोपत."

आणि खरंच झोपेनासे झाले. दुपारी ओसरीत खुर्चीवर बसून राहायचे. मान छातीवर पडायला लागली की दचकून सरळ व्हायचे आणि मी बघितलं का ते बघायचे. मी बघितलेलं असायचं. मला तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. मला आनंद होत होता, हे मी खरं तेच सांगते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खुणांच्या शेजारी, मी आप्पांची दुपारची झोप लिहायला लागले होते. तीनाचे दोन झाले, दोनाचा एक, आणि दिवाळीनंतर तर सरळ शून्य, शून्य, शून्य. परीक्षेत सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं मी त्या कॅलेंडरकडे बघायचे.

दुपारची झोप गेली तशी आप्पांची रात्रीचीही गेली, हे मला फार उशिरा कळलं. पहाटे उठायचे ते ओढल्यासारखे. जेवणावरची वासना उडाली. संध्याकाळी एक भाकरी खाणारा माणूस अर्धीवर आला, मग चतकोरावर. "भूक न्हाई," म्हणायचे. आप्पांना मधुमेह होता, त्याची साखर कमी करायची गोळी मात्र मी हातावर ठेवायचे, न चुकता, पूर्वीइतकीच. गोळीच्या बाबतीत मी फार कडक होते.

मार्गशीर्षातली एक सकाळ. थंडी कडाक्याची होती. मी पाचला उठले तर न्हाणीघरात पाण्याचा आवाज नाही. आप्पांच्या खोलीत डोकावले. गोधडी डोक्यापासून पायापर्यंत ओढून आप्पा झोपलेले, आणि चक्क घोरत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना अशी गाढ झोप लागलेली बघून मला गहिवरून आलं. घोरतायत, म्हणजे छाती हलते का बघायची गरजच नाही. मी दार हलकेच लोटून घेतलं.

मग मी घर गप्प केलं. दूधवाल्याने घंटी वाजवायच्या आत फाटकात जाऊन उभी राहिले. नवऱ्याने मोबाईलवर अभंग लावले होते ते बंद करायला लावले. सहा वाजले, साडेसहा वाजले. नवरा म्हणाला, "उठवू का? कधी एवढं झोपत न्हाईत." मी त्याचा हात धरला. "झोपू दे की," म्हणाले. आणि हे म्हणताना मला काहीही आठवलं नाही. त्याच शब्दांत, त्याच तोऱ्यात मी ते म्हणाले, आणि मला पेडगावची ओसरी आठवली नाही. माणूस असा कसा असतो ते मला अजून कळलेलं नाही.

सव्वासात वाजता मी उशाशी चूळ भरायच्या पाण्याचा तांब्या ठेवायला म्हणून आत गेले. गोधडी तोंडावरून थोडी सरकली होती. आप्पांचं कपाळ ओलं होतं. उशीचा अभ्रा चिंब, गळ्याशी सदरा चिंब. बाहेर माणसांच्या तोंडातून वाफा निघत होत्या आणि आप्पांना घाम फुटला होता. मी गोधडी उचलून पायांकडे बघितलं. अंगठा हलला नाही.

तेव्हा मी हाक मारली. चाळीस वर्षांत त्या घरात झोपलेल्या माणसाला मारलेली माझी पहिली हाक. "आप्पा! ओ आप्पा!" त्यांनी डोळे अर्धे उघडले, माझ्याकडे बघितलं, पण ओळख नव्हती. जीभ जड, काहीतरी पुटपुटले, माझा हात झटकला आणि पुन्हा घोरायला लागले.

नवऱ्याने आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, साखर उतरली असणार. पाणी पाजू नका, ठसका लागेल. साखर जराशा पाण्यात कालवून बोटाने गालाच्या आतून लावा, एका कुशीवर ठेवा आणि लगेच घेऊन या. नवरा जीप बघायला पळाला. मला स्वयंपाकघरापर्यंत जायचाही धीर होईना. हातापाशी कोनाड्यात आप्पांचं पूजेचं साहित्य होतं, त्यात खडीसाखरेची पितळी डबी. मी डबी उघडली, खडे तांब्याच्या बुडाने फोडले, थेंबभर पाण्यात कालवले आणि बोट आप्पांच्या गालात घातलं.

घालताना मला माहीत होतं मी काय करतेय. आठव्या वर्षी लिंगदीक्षा झाल्यापासून आप्पांनी पूजेआधी तोंडात काही घेतलं नव्हतं. तरुणपणी एकदा परभणीला खरेदीला गेले असताना गडबडीत कुणीतरी दिलेला चहा पूजेआधी प्यायले, तर घरी येऊन तीन दिवस उपाशी बसले होते. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मी बोट फिरवत राहिले.

दवाखान्यात सलाईन लावलं आणि अर्ध्या तासात आप्पा माणसात आले. मला बघून म्हणाले, "मास्तरीणबाई, हितं कशाला आणलाव?" नर्सने चहा-बिस्किटं आणली, त्यांनी मान फिरवली. पूजा झाली नव्हती. डॉक्टर वैतागले, रागावले, मग म्हणाले, बरं, सलाईन चालू आहे तोवर चालू द्या. आप्पांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं, सलाईन तोंडातून जात नव्हतं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. मी सगळं सांगून टाकलं, मेसेज, मिक्सर, कॅलेंडर. त्यांनी गोळी किती देते ते विचारलं. मग म्हणाले, "बाई, झोप लिहून ठेवलात. जेवण लिवलात का? म्हातारं माणूस दुपारी लय झोपायलं तर का झोपायलंय ते इचारायचं, झोप हिसकून घ्यायची न्हाई." मी खाली मान घालून ऐकलं. माझ्या वर्गातल्या पोरांना तेव्हा कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी समजलं.

दुपारी तीनला आम्ही घरी आलो. वाटेत नवरा कानाशी लागला, "साखरेचं सांगू नको. उपास धरतील. आता उपास झेपंल का त्यांना?" नाही झेपणार, हे मलाही कळत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आज पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर साखर पुन्हा उतरेल.

आप्पांनी गरम पाण्याने आंघोळ केली, आम्ही दोघांनी धरून घातली. पाटावर बसले, विभूती लावली आणि डबीकडे हात नेला. डबीचं झाकण उघडं होतं, तळाशी नुसता चुरा.

"डबी कुनी उघडली?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मी सांगणार नव्हतेच. पण दादांच्या वेळी मी आईशिवाय कुणाला काही बोलले नव्हते, आणि ते न बोललेलं वीस वर्षं माझ्या पोटात होतं. आणखी एक मला ठेवता आलं नसतं. मी म्हणाले, "मी उघडली. सकाळी तुमच्या तोंडात घातली. पूजेच्या आधी."

आप्पांनी डबीचं झाकण लावलं. लिंग तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. पूजा त्या दिवशी संपता संपेना. मी चुलीपाशी भाकरी थापत बसले होते. एक झाली, दुसरी झाली, कशाला करतेय ते कळत नव्हतं. हा माणूस आता उठून म्हणेल, तीन दिवस काही घेणार नाही. आणि मग मी काय करणार? पाया पडणार, भांडणार, की पुन्हा बोट घालणार?

आप्पा काठी टेकत आले. हातात डबीतला चुरा होता. चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवला, उरलेला आपल्या तोंडात टाकला आणि पाटावर बसले. "आन भाकर," म्हणाले.

मी ताट वाढलं. त्यांनी भाकरी मोडली. पहिला घास चावून झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून मला हाक मारत जा पहाटं."

"आपल्या घरात न्हाई मारत, आप्पा."

"तो नियम माझ्या आईनं केलता. दुकानात दमून यायचो म्हनून. आता मी कुठं दमायलोय?" मग ताटाकडे बघतच म्हणाले, "तुझ्या दादाला कुनी हाक मारली न्हाई. तुझ्या मायनं सांगितलतं मला, मातीच्या दिवशीच."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी दारात का उभी राहते, कुलर का बंद करते, त्यांनी अंगठा का हलवायचा, सगळं. दुपारची झोप त्यांनी त्या मेसेजसाठी सोडली नव्हती. मी तिथेच बसून पदर तोंडाला लावून रडले, मास्तरीण असून.

"आन तुमी न्हाई उठलाव तर?" मी विचारलं.

"न्हाई उठलो तर न्हाई उठलो. पर हाक मारलेली असू दे."

आता गोळी निम्मी झाली आहे, संध्याकाळची भाकरी पुन्हा अख्खी झाली आहे, आणि आप्पा दुपारी झोपतात. किती वेळ ते मी लिहीत नाही, बघते मात्र अजून. पहाटे पाचला मी त्यांच्या खोलीत जाते, गोधडी पायापाशी थोडी वर करते आणि हाक मारते. हाक मारल्यापासून पुढचा जो वेळ असतो तो मला रोज नवाच असतो, त्याची सवय होत नाही. कधी कधी झोपेतून उठून आलेली असते, तोंडातून 'आप्पा' ऐवजी 'दादा' निघून जातं. आप्पा मला कधी सुधारत नाहीत. अंगठा हलवतात.